तिसरा टब

४ जुलै

अंडी फुटली. दुपारी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत गेलो तर ट्रेमध्ये काळे ठिपके वळवळत होते. गेल्या आठवड्यात त्र्यंबक रोडजवळच्या जुन्या खाणीतल्या डबक्यातून बेडकांची ही अंडी आणली. गुडघाभर चिखलात उभा होतो तेव्हा एका मेंढपाळाने विचारलं, "काय हरवलं का?" मी म्हणालो, "पीएचडी शोधतोय." तो बराच वेळ थांबून बघत राहिला.

आजपासून जमेल तसं लिहायचं ठरवलंय. बेडसे मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, पुण्याहून फोनवर म्हणाल्या, "नवनाथ, आकडे रजिस्टरमध्ये जातीलच. पण तुला काय वाटतंय तेही कुठेतरी लिही. नाहीतर नंतर आपण आपल्याशीच खोटं बोलतो." चाळिशी ओलांडल्यावर पीएचडीला बसलेल्या माणसाला काय वाटणार? धाकधूक. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मला बेडूक मास्तर म्हणतात.

तर तीन टब आहेत. पहिल्यात नुसतं पाणी. दुसऱ्यात रोज थोडं स्ट्रेस हार्मोन. डबकं आटायला लागलं किंवा खायला कमी पडलं की टॅडपोलच्या, म्हणजे बेडकाच्या पिल्लांच्या, अंगात जे आपोआप वाढतं, तेच. तिसऱ्यात एक औषध, ज्याने ते हार्मोन त्यांच्या अंगात तयारच होत नाही. मधूनमधून प्रत्येक टबातले काही टॅडपोल पुण्याला पाठवायचे. कोणती जनुकं जागी झाली आणि कोणती झोपून राहिली ते तिथे कळेल. माझा अंदाज असा की दुसऱ्या टबातले खुरटणार आणि तिसऱ्यातले मजेत वाढणार, कारण त्यांना टेन्शनच नाही.

माझी बायको रोहिणी शाळेत शिकवून आली आणि चप्पल न काढताच सोफ्यावर आडवी झाली.

"काय झालं?"

"काही नाही. दमले."

चित्रकलेच्या तासांनी माणूस एवढं दमतं का, असं मनात आलं.

९ जुलै

रोहिणीला नवीनच खूळ लागलंय. जेवण झालं की चिमटीत मीठ घेते आणि नुसतंच तोंडात टाकते. लोणच्याचा खार वाटीत घेऊन पिताना आज मी पकडली. चांगलंच सुनावलं. "बीपी वाढेल. तुझ्या वडिलांना होतं, विसरलीस?" तिने वाटी गुपचूप मोरीत ओतली. एरवी तिने मला दोन शब्द परत दिले असते.

तिच्या हेडबाईंनी तिला विचारलं म्हणे, सुट्टीत शेतात राबत होतात का, रंग किती रापलाय. ती कुठली शेतात जाते? माहेर येवल्याचं, पैठणीच्या मागावरचं, सगळं काम घरात. इथेही पंचवटीतल्या आमच्या घरापासून शाळा दोन गल्ल्यांवर. ऊन लागायचा संबंध नाही. कसलीतरी क्रीम आणलीय, रोज चोळते.

१५ जुलै

काल रात्री जेवताना तिला सगळं समजावून सांगितलं. माणसातही हेच हार्मोन असतं. सतत काळजी केली की ते वाढतं, झोप उडते, थकवा येतो, पोट बिघडतं. "तुझं नेमकं हेच झालंय. तुझं स्ट्रेस हार्मोन वाढलंय. मी दिवसभर तेच बघतो, मला कळतं."

ती भात चिवडत म्हणाली, "मग कमी कसं करायचं?"

सकाळी लवकर उठून प्राणायाम करायचा असं ठरवलं. आज पहिला दिवस झाला. मांडी मोडून उठताना तिला अंधारी आली, भिंतीला धरून उभी राहिली. सवय नाही म्हणून होतं तसं. होईल सवय.

२१ जुलै

माझा अंदाज खरा होतोय! दुसऱ्या टबातले टॅडपोल चिमुरडेच राहिलेत. तिसऱ्यातले मात्र गुबगुबीत, शेपटी रुंद, पालकाची पानं निवांत कुरतडत बसतात. फोटो काढून मॅडमना पाठवले. वर लिहिलं, 'टेन्शन नाही त्याचं आयुष्य बघा.'

त्यांचं उत्तर आलं, 'घाई नको. आधी बेडूक होऊ दे.'

मोठ्या कंजूष आहेत कौतुकाला.

२४ जुलै

सासूबाई आल्यात येवल्याहून. मी त्यांना मामी म्हणतो. सकाळी रोहिणीला पोहे करतानाच मळमळलं, बेसिनपाशी गेली. मी नेहमीप्रमाणे ॲसिडिटी म्हणालो. मामींनी मला बाजूला घेतलं.

"जावईबापू, एवढं शिकलात आन् येवढं कळंना का? पोरगी खारट-आंबट मागती, सकाळचं मळमळतं, उठलं की चक्कर. आजून काय सांगायचं राहिलं?"

लग्नाला सहा वर्षं झाली. दोन वर्षांपासून आम्ही हा विषय घरात काढत नाही. कॉलेजला गेलो, पहिल्या टबातले टॅडपोल मोजायला बसलो आणि आकडा दर वेळी वेगळा यायला लागला. शेवटी सोडून दिलं. मेडिकलमधून किट घेऊन आलो.

२६ जुलै

नाही.

रोहिणी बाथरूममधून आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "सॉरी." सॉरी कशाला, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा टाकू का?" मामी बाहेर एकच लुगडं घडी करत होत्या, उलगडत होत्या, परत घडी करत होत्या.

३ ऑगस्ट

नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. हिमोग्लोबिन थोडं कमी. बीपी बघून म्हणाले, "तरुण मुलीसारखं आहे, उलट जरा कमीच." लोहाच्या गोळ्या दिल्या आणि शेवटी म्हणाले, "मॅडम, टेन्शन घेऊ नका." मी रोहिणीकडे बघितलं, बघ मी काय सांगत होतो.

रिक्षात ती म्हणाली, "सगळे म्हणतात टेन्शन घेऊ नको. मला कशाचं टेन्शन आहे, ते तरी कोणीतरी सांगा."

घरी आल्यावर उत्तर सुचलं आणि ते मला आवडलं नाही. कशाचं म्हणजे, माझं. सकाळ-संध्याकाळ कॉलेजात टबांपाशी बसलेला नवरा, मूल नाही, घरी आला तरी टॅडपोलच्याच गोष्टी. ती हल्ली माझ्याशी बोलत नाही, हसत नाही, भांडतसुद्धा नाही. आज म्हणाली, "थोडे दिवस येवल्याला जाऊन येते." ब्लाऊज तिच्या खांद्यावरून उतरत होता, इतकी वाळलीय. बॅग भरताना दोनदा खाली बसली. मी विचारलं, "परत कधी येणार?" ती म्हणाली, "बघते."

बघते म्हणजे काय?

११ ऑगस्ट

प्रयोग फसला. पहिल्या टबातले टॅडपोल बेडूक झाले, दगडावर चढून बसलेत. एवढेसे, नखाएवढे. दुसऱ्यातलेही खुरटे का होईना, शेपटी गाळून पटापट बाहेर आले. आणि माझे तिसऱ्या टबातले गुबगुबीत, ज्यांचे मी फोटो पाठवले? पुढचे पाय फुटले आणि तिथेच अडकले. शेपटी आटेना. तळाशी पडून राहतात, ढोसलं तर जरा हलतात. रोज काही मरतायत. पाणी बदललं, ऑक्सिजन तपासला, सगळं ठीक. चिडून मॅडमना फोन लावला.

त्या शांतपणे म्हणाल्या, "मला वाटतच होतं. टॅडपोलचा बेडूक करायचा हुकूम थायरॉइडचा. पण तो हुकूम पेशींच्या आत नीट पोचायला हे दुसरं हार्मोन सोबत लागतं. ते नसलं की जनुकं अर्धवट जागी होतात. शरीर बदलायला निघतं आणि मध्येच थांबतं."

"पण ते तर स्ट्रेस हार्मोन आहे ना?"

"नावाने फसलास तू. संकटात वाढतं म्हणून ते नाव पडलं. साध्या दिवशीसुद्धा ते थोडं लागतंच. जास्त झालं तर खुरटतात, आणि नसलंच तर एक दिवस काहीतरी मोठं अंगावर येतं आणि पेलत नाही. तोपर्यंत वरून सगळं बरं दिसतं."

एवढ्या दिवसांचा अंदाज पाण्यात. डोकं इतकं तापलं होतं की रोहिणीचा फोन आला तेव्हा नीट ऐकलंही नाही. तिला ताप आलाय. येवल्यात साथ आहे म्हणे. आवाज खोल गेलेला. पॅरासिटामॉल घे, पडून राहा, शुक्रवारी सुट्टी आहे, येतो, असं सांगितलं.

१४ ऑगस्ट

संतोषचा, म्हणजे रोहिणीच्या भावाचा, फोन आला. उलट्या थांबत नाहीत, उठवलं तरी उठत नाही, काहीतरी भलतंच बोलते. वर्ग सोडून निघालो.

१६ ऑगस्ट

आता लिहू शकतो. परवाचं सगळं लिहून ठेवतो.

मी पोचलो तेव्हा रोहिणी मागाच्या खोलीत सतरंजीवर होती. हात बर्फासारखे. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं होतं आणि स्पष्ट सांगितलं, नाशिकला हलवा. ॲम्ब्युलन्समध्ये मी, मामी आणि संतोष. विंचूर गेलं, निफाड गेलं, मामी सारखं तिच्या तळपायांना चोळत होत्या. "बोल गं बाई. कायतरी बोल." रोहिणीने एकदा डोळे उघडले आणि मला म्हणाली, "सर, रंगपेटी आणली नाही." मला ओळखलंच नाही.

दुपारी हॉस्पिटलला पोचलो. डॉक्टर तरुण होत्या, पल्लवी गांगुर्डे. बीपी जवळजवळ लागतच नव्हतं, साखर खाली गेलेली. त्यांनी रोहिणीचा तळहात उलटा करून उजेडात धरला. हाताच्या रेषा काळ्या पडलेल्या. मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या. त्यावरही शाई सांडल्यासारखे डाग.

"यांचा रंग पहिल्यापासून असाच आहे?"

मामी म्हणाल्या, "नाय ओ ताई. गोरी नव्हती, पण आशी बी नव्हती. ह्या वर्षातच काळवंडली. घरात बसून!"

"वजन कमी झालंय? चक्कर येते?"

"लय."

"मीठ, खारट जास्त खावंसं वाटतं?"

मी म्हणालो, "हो. म्हणजे खायची. मी बंद करायला लावलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि नर्सकडे वळल्या. "सिस्टर, कॉर्टिसॉलसाठी रक्त घ्या आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोन द्या. रिपोर्टसाठी थांबायचं नाही."

मग मला बाजूला घेऊन सांगायला लागल्या, "सर, प्रत्येक मूत्रपिंडाच्या वर एक छोटी ग्रंथी असते."

"माहीत आहे."

"त्यातून एक हार्मोन तयार होतं..."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

"यांच्यात ते तयार होणं बहुतेक बंदच झालंय. हळूहळू, वर्षभरात. साध्या कामांना कसंबसं पुरत होतं. ताप आला आणि शरीराला एकदम जास्तीचं लागलं, ते मिळालं नाही. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी बेडकांवर..."

बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. मी रोज सकाळी मोजून औषध टाकून तिसऱ्या टबात जे करत होतो, तेच माझ्या घरात आपोआप होत होतं. आणि मी तिला सांगत होतो की तुझ्यात ते जास्त झालंय, कमी कर. संतोष शेजारी येऊन बसला. "दाजी, डॉक्टरला कळलं ना काय झालंय ते? मग झालं तर. कळलं नसतं तर रडायचं." मी रडत होतो हे मला त्याने सांगितल्यावर कळलं.

इंजेक्शन आणि सलाईन चालू होऊन फार वेळ झाला नव्हता. संध्याकाळी मामींनी दारातून मला हात केला. त्यांचा चेहरा बघून मी पळतच निघालो. आत गेलो तर रोहिणी उशीला टेकून बसलेली, डोळे स्वच्छ.

"अहो," ती म्हणाली, "इथे चहा मिळेल का? आणि खारी. दोन-तीन आणा."

खाली कँटीनवाल्याकडे उभा राहिलो आणि त्याने सुट्टे मागितले तर मला हसू आवरेना. तो घाबरून म्हणाला, "राहू द्या साहेब, नंतर द्या."

२० ऑगस्ट

रिपोर्ट आला. कॉर्टिसॉल जवळपास नाहीच. तिच्याच शरीराची प्रतिकारशक्ती त्या ग्रंथींवर उलटली, असं डॉक्टर म्हणतात. कशामुळे ते कोणी सांगू शकत नाही. कोणाची चूक नाही, हे त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं. टीबी नाही, तेही तपासून झालं. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, न चुकता. ताप आला की डॉक्टरांना विचारून डोस वाढवायचा. पर्समध्ये आजाराचं कार्ड ठेवायचं. आणि मीठ भरपूर खायचं. हे ऐकताना रोहिणीने माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेरच्या निलगिरीचा अभ्यास सुरू केला.

डॉक्टर निघाल्या तेव्हा तिने हळूच विचारलं, "मूल होऊ शकेल?"

"का नाही? गोळ्यांचा डोस बसू द्या, वजन वाढू द्या. मग या, बोलू."

मामी पदराने डोळे टिपत संत्रं सोलत होत्या. त्या पाणी आणायला गेल्या तेव्हा मी बोलून टाकलं, "मला वाटत होतं, तू मला कंटाळलीस. म्हणून गेलीस."

रोहिणी संत्र्याची बी काढत म्हणाली, "कंटाळायलासुद्धा ताकद लागते हो."

२३ ऑगस्ट

तिला घरी आणलं. जिना चढताना तिला धरायला गेलो तर माझा हात झटकून एकटी चढली. वर पोचल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

मग कॉलेजला गेलो. इतके दिवस शिपाई गोटीराम टबांना खाणं-औषध घालत होता. तिसऱ्या टबात थोडेच उरलेत, तळाशी, अर्धे टॅडपोल, अर्धे बेडूक. मी खुर्ची ओढून त्यांच्यापाशी बसलो. खरं सांगायचं तर त्यांच्याकडे बघवेना. मॅडमना फोन करून म्हणालो, हा प्रयोग बंद करू का? त्यांना रोहिणीचं सगळं सांगितलं.

मग म्हणाल्या, "बंद कर म्हणालास तर करू. पण त्याआधी उरलेल्यांना अगदी थोडं हार्मोन देऊन बघ. दुसऱ्या टबाइतकं नाही. जेवढं त्यांचं त्यांनी तयार केलं असतं, तेवढंच."

पिपेटने तेवढंच हार्मोन तिसऱ्या टबात सोडलं. मराठीत मोजून सांगायचं तर चिमूटभरही नाही.

३० ऑगस्ट

सगळे वाचले नाहीत. काहींना उशीरच झाला होता. पण बाकीच्यांच्या शेपट्या आटायला लागल्या. आज त्यातला पहिला दगडावर आला. त्याच्या गळ्याखालची कातडी धकधक हलत होती. गोटीराम शेजारी उभा होता. "सर, याला काय येवढं बघताय?" म्हणाला. मी म्हणालो, "श्वास घेतोय तो." "मग काय करंल?" गोटीराम म्हणाला आणि झाडू मारायला गेला.

१२ सप्टेंबर

पुण्याहून जनुकांचा रिपोर्ट आला. त्यात केएलएफ-९ नावाचं एक जनुक आहे. ते जागं झालं की पुढची पुष्कळ जनुकं हलवतं. पहिल्या टबात ऐन बदलाच्या वेळी ते धडाक्याने चालू होतं. तिसऱ्या टबात पेंगत होतं. थोडं हार्मोन दिलेल्यांत पुन्हा चालू झालं. बेडसे मॅडम एरवी मेसेजला एका शब्दात उत्तर देतात. आज फोन केला आणि म्हणाल्या, "नवनाथ, हे छापण्यासारखं आहे. आणि तुझा सुरुवातीचा चुकीचा अंदाजही त्यात लिही."

लिहीन. लाज वाटते, पण लिहीन.

रोहिणीचं वजन वाढलंय. हिरड्यांवरचे डाग अजून आहेत, डॉक्टर म्हणाल्या हळूहळू फिके होतील. ती शाळेत जायला लागलीय. काल पोरांनी काढलेली चित्रं घरी आणून सगळ्या घरभर पसरली होती. मी एकावर पाय दिला. त्यावरून जी बोलणी बसली ती इथे लिहीत नाही.

१९ सप्टेंबर

नवरात्र तोंडावर आलंय. सकाळी उठलो तर घरातल्या सगळ्या गोधड्या दारात. मी म्हणालो, लाँड्रीला देऊ. ती म्हणाली, लाँड्रीवाला आईच्या हातच्या गोधडीची वाट लावेल. मी म्हणालो, डॉक्टरांना विचारलं का? ती म्हणाली, "विचारलं. त्या म्हणाल्या, करा, फक्त नवऱ्याला सोबत न्या, ओझं उचलायला."

स्कूटरवर मावेना म्हणून रिक्षा केली आणि गोदावरीवर गेलो. घाटावर अर्धी पंचवटी गोधड्या धूत होती. रोहिणीने साडी खोचली, पाण्यात उतरली आणि गोधडीवर उभी राहून तुडवायला लागली. मी पायरीवरून, "बस, बस आता, दमशील," असं सारखं म्हणत होतो. शेवटी ती ओरडली, "तिथे उभं राहून सूचना काय देताय? या खाली, टोक धरा!"

पिळायला दोन माणसं लागतात. तिने एका बाजूला पीळ द्यायचा, मी उलट बाजूला. मी तिला झेपावं म्हणून हलक्या हाताने धरलं होतं. तिने असा काही हिसका दिला की गोधडी माझ्या हातून सुटली आणि मी पँटसकट पाण्यात बसलो. शेजारच्या बायका खो-खो हसल्या.

रोहिणी एकदम पायरीवर खाली बसली, डोकं गुडघ्यांत, खांदे हलतायत. तसाच उठून धावलो, तिचे खांदे धरले. "रोहिणी! काय होतंय? गोळी घेतलीस ना सकाळी?"

तिने डोकं वर केलं. तिला हसण्यामुळे बोलता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कसंबसं माझ्या पँटकडे बोट दाखवलं आणि पुन्हा सुरू झाली.

मी ओल्या कपड्यांनी तिच्या शेजारी बसून राहिलो. तिचं हसून होईपर्यंत.